नकोशा ठिपक्यांची यादी

आकाशनिरीक्षणाचा नाद लागलेल्या माणसाला ‘एम १३’ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. शौरी तारकासमूहातला हा तारकागुच्छ मे महिन्याच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो. सहा-आठ इंची दुर्बिणीतून पहिल्या नजरेला तो कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. डोळा अंधाराला सरावू द्यावा, शक्ती दीडशे पटींपर्यंत वाढवावी, हवा स्थिर होण्याची वाट पाहावी. मग त्या बोळ्याची कड हळूहळू विस्कटू लागते. थेट न पाहता जरा बाजूला नजर ठेवली की एकेक बारीक कण लुकलुकून जातो. पाच-दहा मिनिटांत सगळी कड कणाकणांची होते. रांगोळीची चिमूट काळ्या पाटावर सांडावी तशी! ज्याने ती घटका एकदा अनुभवली, तो पुढे थंडीवाऱ्याची आणि घरच्यांच्या बोलण्याची फारशी पर्वा करीत नाही.

या नावातला ‘एम’ हा एका माणसाचा आहे. चार्ल्स मेसिए, फ्रेंच लोकांच्या तोंडी शार्ल मेसिए. १ जून १७६४ च्या रात्री पॅरिसमधल्या एका जुन्या दगडी मनोऱ्यावरून त्याने हाच गुच्छ पाहिला आणि आपल्या वहीत नोंद केली, की हा एक गोल, तेजस्वी ढग असून त्यात एकही तारा नाही. काही लाख ताऱ्यांचा तो गुच्छ! आणि ज्याचे नाव त्याला कायमचे चिकटले, त्याला त्यातला एकही तारा दिसला नाही. दिसावा अशी त्याची विशेष इच्छाही नव्हती. तो शोधत होता धूमकेतू. हे ढगासारखे ठिपके त्याच्या वाटेत येत, फसवत, वेळ खात. म्हणून त्याने त्यांची यादी केली, ती पुन्हा फसगत होऊ नये म्हणून.

मेसिएचा जन्म २६ जून १७३० चा, लॉरेन प्रांताच्या बाजूला असलेल्या बादोंविए या लहानशा गावचा. बारा भावंडांत हा दहावा. त्यातली सहा लहानपणीच गेली. चार्ल्स अकरा वर्षांचा असताना वडील वारले. शाळा तिथेच संपली, आणि थोरला भाऊ ह्यासिंत याने त्याला आपल्या हाताखाली घेऊन कचेरीचे काम शिकवले. नीटनेटके लिहिणे, नोंदी ठेवणे, नकाशे काढणे. त्या काळी कारकुनी पेशाला लागणारे सगळे. हे शिक्षण पुढे त्याच्या फार उपयोगी पडणार होते, पण ते त्याला तेव्हा कुठून ठाऊक असणार?

१७४४ साली, तो चौदाएक वर्षांचा असताना, आकाशात सहा शेपट्यांचा एक प्रचंड धूमकेतू दिसला. सगळ्या युरोपने तो पाहिला, मेसिएनेही पाहिला. चार वर्षांनी, २५ जुलै १७४८ रोजी, त्याच्या गावातून सूर्यग्रहण दिसले. एखाद्या मुलाचे आयुष्य ठरायला एवढे पुरते, हे ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांना पटेल. १७५१ च्या शरदात एकवीस वर्षांचा हा तरुण नोकरीसाठी पॅरिसला आला. आणला होता तो फक्त चांगल्या अक्षराचा आणि नकाशे काढण्याच्या हाताचा दाखला.

त्याला ठेवून घेतले जोसेफ-निकोला दलील याने. हा नौदलाचा खगोलशास्त्रज्ञ, त्या वेळी साठी ओलांडलेला. क्लूनीच्या वाड्यावर त्याची वेधशाळा होती. हा वाडा आजही पॅरिसमध्ये उभा आहे, मध्ययुगीन वस्तूंचे संग्रहालय म्हणून. मेसिएला पहिले काम मिळाले चीनच्या एका मोठ्या नकाशाची नक्कल करण्याचे. पण दलीलने त्याला दुर्बिणीजवळही जाऊ दिले, वेध कसा घ्यावा, वेळ कशी टिपावी, स्थान कसे मोजावे, हे शिकवले. प्रत्येक निरीक्षणाची तपशीलवार नोंद ठेवायची, ही शिस्त लावली. ६ मे १७५३ रोजी बुध सूर्यबिंबावरून सरकत गेला, तो मेसिएने वहीत टिपलेला पहिला वेध. गणित मात्र तो शेवटपर्यंत शिकला नाही. धूमकेतूची कक्षा काढणे हे काम त्याच्यासाठी नेहमी दुसऱ्या कुणी तरी केले. विद्वानांच्या मेळाव्यात त्यामुळे त्याच्याकडे जरा खालच्या नजरेने पाहिले जाई. पण रात्रीमागून रात्री आकाश चाळण्याची चिकाटी गणिताने येत नाही.

याच काळात सगळ्या युरोपचे डोळे एका घटनेकडे लागले होते. एडमंड हॅलेने भाकीत केले होते, की १६८२ चा धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. हॅले ते पाहायला जिवंत नव्हता. धूमकेतू खरेच आला असता तर न्यूटनच्या सिद्धांतावर आकाशानेच शिक्का मारला असता. दलीलने तो कुठे दिसेल याचा नकाशा तयार केला आणि मेसिएला शोधायला बसवले. नकाशा चुकीचा होता! मेसिए महिनोन्महिने नेमाने भलत्याच जागी शोधत राहिला.

या शोधातच, २८ ऑगस्ट १७५८ च्या रात्री, वृषभेच्या शिंगाजवळ त्याला एक फिकट, लांबट ठिपका दिसला. तेव्हा तो एका दुसऱ्याच धूमकेतूच्या मागावर होता. हा ठिपकाही तसाच दिसत होता, पण जागचा हलेना. धूमकेतू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज थोडा तरी सरकतो. हा दोन रात्री, चार रात्री तिथेच. मेसिएने त्याचे स्थान मोजून ठेवले. पुढे तो त्याच्या यादीत पहिला आला, म्हणून एम १. आपण त्याला खेकडा तेजोमेघ म्हणतो. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी दिवसाढवळ्या पाहिलेल्या एका ताऱ्याच्या स्फोटाचे ते अवशेष. मेसिएला यातले काही माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याच्या लेखी ती एक फसगत होती.

हॅलेचा धूमकेतू मात्र हातून गेला. १७५८ च्या नाताळच्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या योहान पालिच नावाच्या शेतकऱ्याने तो पाहिला. पॅरिसला त्याची वार्ता नव्हती. अखेर मेसिएने दलीलच्या नकाशावर फार विसंबून न राहता २१ जानेवारी १७५९ रोजी तो स्वतंत्रपणे शोधून काढला. आणि इथे गुरूने शिष्यावर केलेला अन्याय येतो. दलीलने ही बातमी जाहीर करू दिली नाही. मेसिए मुकाट निरीक्षणे करीत राहिला. १ एप्रिलला बाहेरून बातमी येऊन थडकल्यावर दलीलने शिष्याचा शोध सांगितला, तेव्हा इतर खगोलज्ञांनी तो मानायलाही का-कू केले. मेसिएने याबद्दल गुरूशी उघड भांडण केले नाही. नोकर माणूस, त्याने काय करावे? पण इतकी वर्षे जपलेला धूमकेतू दुसऱ्याच्या नावावर जाणे, हे शल्य साधे नसते. त्यानंतर धूमकेतू पहिल्यांदा आपणच पाहायचा, हा त्याचा ध्यास जवळजवळ आजार म्हणावा इतका वाढला. त्याचे मूळ याच जानेवारीत असावे, असे मला वाटते.

१७६४ हे वर्ष त्याच्या यादीचे. दुसरा ठिपका त्याने १७६० मध्ये कुंभ राशीत नोंदला होता. ३ मे १७६४ ला शामशबल तारकासमूहात, स्वातीपासून फार दूर नाही अशा जागी, त्याला आणखी एक गोल ढग दिसला. एम ३. यापूर्वी कुणीही न पाहिलेली, अस्सल त्याचीच अशी ही पहिली वस्तू. हा सुद्धा बंदिस्त तारकागुच्छच. कोणी त्याला गोलाकार तारकागुच्छ म्हणतात. त्या रात्रीनंतर मेसिएने ठरवले असावे, की आता एकेक भेटेल तसा न टिपता सगळे आकाश चाळून ही फसवी मंडळी एकदाची हुडकून काढायची. आणि मग त्याने जो सपाटा लावला त्याला तोड नाही. मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत तो तिसऱ्यापासून चाळिसाव्यापर्यंत पोहोचला.

त्या उन्हाळ्यातले त्याचे बहुतेक नवे पाहुणे हे तारकागुच्छच होते. एम ४, ५, ९, १०, १२, १३, १४, १५, १९, २२ आणि आणखी काही. यातल्या एका एम ४ मध्ये त्याला अगदी बारीक तारे दिसले, तशी त्याने नोंद केली. बाकी सगळ्यांपुढे थोड्याफार फरकाने एकच शेरा आहे, की ढग आहे, तारा नाही. वाचताना आज आपल्याला हसू येते, पण त्याच्या हातातले साधन पाहिले तर हसू ओसरते.

मेसिएने आयुष्यात डझनभर तरी दुर्बिणी वापरल्या. त्यातली त्याची आवडती ग्रेगोरियन जातीची होती, १०४ पट शक्तीची. तिचा आरसा सुमारे सहा इंचांचा, पण काचेवर चांदी वा ॲल्युमिनियम चढवलेला नव्हे. तो तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा. असा आरसा नवा असतानाही त्यावर पडलेल्या प्रकाशातला साठ टक्क्यांच्या आसपासच परत पाठवतो आणि हवेने काळवंडू लागतो. ग्रेगोरियन दुर्बिणीत असे दोन आरसे. म्हणजे डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश निम्म्याहून कमी. पुढे त्याने साडेतीन इंची भिंगाच्या दुर्बिणीही वापरल्या, त्या या आरशांच्या बरोबरीच्याच. आज एखादा शाळामास्तर किंवा बँकेतला कर्मचारी हौसेने जी साधी चार-सहा इंची दुर्बीण घेतो, ती फ्रान्सच्या नौदलाच्या खगोलशास्त्रज्ञाकडच्या दुर्बिणीपेक्षा सरस असते.

अशा दुर्बिणीतून साधारण बाराव्या प्रतीपर्यंतचे तारे कसेबसे दिसतात. एम १३ मधले सर्वांत ठळक तारे जवळपास त्याच प्रतीचे, आणि तेही एकमेकांत मिसळलेले. दिसणे आणि न दिसणे यांच्या अगदी उंबरठ्यावर तो उभा होता. एम ४ त्याला का फुटला, तर तो आपल्याला सर्वांत जवळच्या बंदिस्त तारकागुच्छांपैकी, सुमारे सहा हजार प्रकाशवर्षांवर, विरळ बांधणीचा, आणि त्यातले ठळक तारे अकराव्या प्रतीच्या आसपासचे. एम १३ त्याच्या जवळजवळ चौपट दूर.

दुसरी अडचण पॅरिसच्या अक्षांशाची. पॅरिस जवळजवळ ४९ अंश उत्तरेला. वृश्चिक, धनु या राशी तिथे क्षितिजालगत सरपटत जातात. एम ४ तिथे जास्तीत जास्त पंधरा अंश वर येतो. पुण्यात तो पंचेचाळीस अंशांवर असतो. धनु राशीतला एम ५५ तर मेसिएला १७६४ मध्ये सापडलाच नाही. लाकाय या त्याच्या देशबंधूने दक्षिण आफ्रिकेतून तो आधीच नोंदला होता, जागा ठाऊक होती, तरी मेसिएला तो हाती लागायला जुलै १७७८ उजाडावे लागले. आणि नरतुरंगातला ओमेगा हा सगळ्या तारकागुच्छांचा राजा, कोटीभर ताऱ्यांचा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा, पॅरिसच्या क्षितिजावर कधी येतच नाही. त्याच्या यादीत तो नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या संध्याकाळी दक्षिणेला तो वीस-पंचवीस अंशांवर असतो. मेसिएला जे कधी पाहता आले नाही ते कोकणातल्या कुठल्याही अंधाऱ्या किनाऱ्यावरून साध्या द्विनेत्रीतून दिसते.

यादीची पहिली आवृत्ती त्याने फेब्रुवारी १७७१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. तीत ४५ वस्तू. शेवटच्या चारांची गंमत आहे. मृगातला तेजोमेघ, पुष्य, कृत्तिका! कृत्तिकांना कोण धूमकेतू समजणार? आपल्याकडे गुराख्याची पोरेही त्या ओळखतात. लाकायच्या दक्षिणेकडच्या यादीत ४२ वस्तू होत्या. आपली यादी तीहून थोडी मोठी दिसावी म्हणून मेसिएने ही भर घातली असावी, असा तर्क अनेकांनी केला आहे. हा तर्क खरा असेल तर त्याने मला मेसिए अधिक जवळचा वाटतो. यादी सादर केल्यावर तीनच दिवसांत त्याला आणखी वस्तू सापडू लागल्या. पुढे पिएर मेशँ हा तरुण, तल्लख जोडीदार मिळाला, आणि १७८१ पर्यंत आकडा १०३ वर गेला. मागाहून विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी जुन्या वह्या आणि पत्रे धुंडाळून आणखी सात वस्तूंची भर घातली. अशा ११० वस्तूंत २९ बंदिस्त तारकागुच्छ आहेत.

हे सगळे चालू असताना त्याचा जीव अडकला होता तो धूमकेतूंतच. त्याच्या नावावर निर्विवाद असे तेरा धूमकेतू आहेत. पंधराव्या लुईने त्याला धूमकेतूंचा फेरेट म्हणून नाव ठेवले होते. फेरेट म्हणजे सशाच्या बिळात शिरून त्याला हुसकून काढणारा, मुंगसासारखा दिसणारा शिकारी प्राणी. नाव कौतुकाचे खरे, पण त्यात किंचित हसूही आहे. फ्रान्सच्या अकादमीने त्याला अनेकदा नाकारले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १७६४ मध्येच सदस्य करून घेतले, स्वतःच्या देशाने मात्र १७७० पर्यंत थांबवले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने शोधलेला एक धूमकेतू १ जुलैला पृथ्वीपासून बावीस-तेवीस लाख किलोमीटरांवरून गेला. नोंदल्या गेलेल्या इतिहासात इतक्या जवळून दुसरा कुठला धूमकेतू गेल्याचे निश्चितपणे सांगता येत नाही. तरी त्याला नाव मिळाले लेक्सेलचे, कारण कक्षेचे गणित लेक्सेलने केले. नंतर गुरूच्या ओढीने त्याची वाट बदलली आणि तो पुन्हा कधी दिसलाच नाही.

नोव्हेंबर १७७० मध्ये चाळिशीच्या मेसिएने लग्न केले. मारी-फ्रांस्वाज हे तिचे नाव. १५ मार्च १७७२ ला मुलगा झाला. आठ दिवसांनी ती गेली, आणि त्यानंतर तीन दिवसांनी बाळही. अकरा दिवसांत संसार आटोपला. पुन्हा त्याने लग्न केले नाही. 

याच प्रसंगाला जोडून एक गोष्ट पॅरिसच्या दिवाणखान्यांतून फिरत असे आणि आजही प्रत्येक चरित्रात ती येते. पत्नीच्या आजारपणात मेसिए तिच्या उशाशी होता, आणि तेवढ्यात लिमोजच्या मोंतेन्य याने एक धूमकेतू शोधला. कुणी तरी सांत्वनाला आले, तर मेसिए त्या हुकलेल्या धूमकेतूबद्दलच हळहळू लागला. मग समोरचा पत्नीबद्दल बोलतो आहे हे ध्यानात येऊन घाईने तिच्याबद्दलही दोन शब्द बोलला. गोष्ट मोठी चटकदार आहे. तारखाही थोड्याफार जुळतात, कारण तो धूमकेतू ८ मार्चचा. पण ती सांगितली आहे एका साहित्यिकाने, आणि ती जरा जास्तच नीट बेतलेली वाटते. वेड्या शास्त्रज्ञाच्या गोष्टी लोकांना हव्या असतात. अकरा दिवसांत बायको आणि मूल गेलेला माणूस पाहुण्यापुढे काय बोलतो, त्यावरून त्याचे मन मोजू नये. त्या दिवसांत धूमकेतूविषयी बोलणे त्याला कदाचित सोपे गेले असेल, इतकेच.

१७८१ हे वर्ष त्याच्या भाग्योदयाचे आणि दुर्दैवाचेही. यादीची १०३ वस्तूंची आवृत्ती तयार झाली. मार्चमध्ये इंग्लंडात विल्यम हर्शेल या संगीत शिक्षकाने, हौशी निरीक्षकाने, युरेनस शोधला. मेसिएने त्याला मोकळ्या मनाने पत्र पाठवले, की ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या त्या ठिपक्यात तुम्हाला वेगळे काही कसे जाणवले याचे मला नवल वाटते. आणि ६ नोव्हेंबरला मित्र बोशार द सारों याच्या कुटुंबासह मोंसो बागेत फिरताना एक दार उघडे दिसले, आत गुहेसारखे काही असावे असे वाटून मेसिए आत शिरला, आणि पंचवीस फूट खाली कोसळला. ते बर्फ साठवण्याचे तळघर होते. हात, मांडी, मनगट आणि दोन बरगड्या मोडल्या. वर्षभर तो अंथरुणाला खिळला. नोव्हेंबर १७८२ मध्ये, बुधाचे अधिक्रमण पाहण्यासाठी, तो लंगडत पुन्हा जिने चढून दुर्बिणीशी गेला. तेव्हा त्याचे वय ५२ होते.

तो अंथरुणात असताना, डिसेंबर १७८१ मध्ये, त्याची यादी हर्शेलच्या हाती पडली. विल्यम वॉटसन या मित्राने ती भेट दिली होती. हर्शेल स्वतः आरसे ओतून, घासून दुर्बिणी बनवीत असे आणि तशा आरशांची त्या वेळी जगात तोड नव्हती. त्याने यादीतले ढग एकेक करून पाहायला घेतले. मेसिएने जिथे तारा नाही म्हटले होते, तिथे हर्शेलला ताऱ्यांचे थवेच्या थवे दिसले. त्या गोल ढगांपैकी बहुतेक सगळे ताऱ्यांत फुटले. पुढे १७८९ मध्ये हर्शेलनेच त्यांना गोलाकार तारकागुच्छ या अर्थाचे इंग्रजी नाव दिले, आणि स्वतः अडीच हजार नवे ढग आणि गुच्छ शोधले. मेसिएने यादी वाढवण्याचे काम त्यानंतर जवळपास सोडलेच. अठरा इंची आरशापुढे आपण कुठे पुरे पडणार, असे त्याला वाटले असेल. शिवाय हर्शेल धूमकेतू शोधत नव्हता. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या.

मग क्रांती आली. पगार गेला, निवृत्तिवेतन गेले. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमीच बरखास्त झाली. दिव्याच्या तेलासाठी त्याला लालांद या मित्राच्या दारी जावे लागे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात, साठी उलटलेल्या, अर्ध्या मोडक्या शरीराच्या मेसिएने आणखी एक धूमकेतू शोधला. पण काही दिवसांनी तो सूर्याच्या तेजात गेला. परत कुठे दिसेल हे सांगायला कक्षेचे गणित हवे, आणि मेसिएसाठी ते गणित नेहमी करणारा सारों तुरुंगात होता. जुन्या न्यायसभेचा अध्यक्ष, सरदार घराण्यातला, म्हणजे त्या दिवसांत मेलेलाच. मेसिएने वेध तुरुंगात पोहोचवले. सारोंने कोठडीत बसून गणित केले. धूमकेतू सांगितल्या जागी पुन्हा दिसला, आणि ती बातमी मेसिएने वर्तमानपत्राच्या घडीत घालून आत पाठवली. २० एप्रिल १७९४ रोजी सारोंचा शिरच्छेद झाला. अठरा दिवसांनी लाव्हाझिएचा झाला. मेसिएला कुणी हात लावला नाही. जिच्याकडे धन नाही, पद नाही, मत नाही, अशा व्यक्तीचा कुणाला उपद्रव वाटत नसावा.

१८०२ मध्ये हर्शेल पॅरिसला आला. तो आता जगप्रसिद्ध होता, इंग्लंडच्या राजाचा खगोलज्ञ. त्या मुक्कामात तो नेपोलियनलाही भेटला. पण वेळ काढून तो बहात्तर वर्षांच्या मेसिएच्या बिऱ्हाडी गेला. मेसिएने त्याला आपल्या त्या बर्फाच्या तळघरातल्या अपघाताची आणि त्यानंतरच्या यातनांची हकिकत सांगितली. वीस वर्षे झाली होती तरी! म्हातारा अजून नेमाने वेध घेतो आहे, त्याला पुरेशी साधने मात्र नाहीत, हे हर्शेलने पाहिले, आणि गुणांची कदर व्हावी तशी नेहमी होत नाही अशा आशयाची नोंद आपल्या रोजनिशीत केली. एकाने ढग पाहिले, दुसऱ्याने त्यात तारे पाहिले. त्या दोघांनी त्या खोलीत तारकागुच्छांबद्दल काही गोष्टी केल्या की नाहीत, हे जाणून घ्यायला मला फार आवडले असते.

उतारवयात त्याच्या हातून एक न शोभणारी गोष्ट झाली. नेपोलियनने १८०६ मध्ये त्याला लीजन ऑफ ऑनरचे पदक दिले. दोन वर्षांनी मेसिएने छापलेल्या निबंधात १७६९ च्या मोठ्या धूमकेतूचा संबंध त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या सम्राटाच्या जन्माशी जोडला. धूमकेतू हा ग्रहताऱ्यांच्या नियमांनी चालतो हे हॅलेने दाखवून दिले, त्याच्या शोधात ज्याचे तारुण्य गेले, त्याने शेवटी तो राजजन्माचा शकुन ठरवावा! पॅरिसच्या विद्वानांनी मान खाली घातली. पण तेलाच्या बाटलीसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहिलेल्या वृद्धाला किती बोल लावायचा, हेही वाचकांनीच ठरवावे.

१८१५ मध्ये अर्धांगाचा झटका आला. १२ एप्रिल १८१७ च्या रात्री, ८६ वर्षांचा होऊन, तो वारला. पेर लाशेजच्या दफनभूमीत त्याला पुरले. चंद्रावरच्या एका जोडविवराला त्याचे नाव आहे. लालांदने शर्मिष्ठेच्या शेजारी एक तारकासमूहही त्याच्या नावावरून कल्पिला होता, त्याचा अर्थ पिकाचा राखणदार. आजच्या नकाशांत तो नाही.

त्याच्या धूमकेतूंपैकी एकाचेही नाव सामान्य वाचकाला सांगता येणार नाही. यादीचे मात्र पुढे काय झाले पाहा. तिच्यातले २९ बंदिस्त तारकागुच्छ नकाशावर मांडले, तर त्यातले सोळा धनु, वृश्चिक आणि भुजंगधारी या शेजारच्या तीन तारकासमूहांत सापडतात. हा योगायोग नव्हे. अमेरिकन खगोलज्ञ हार्लो शॅप्ली याने अशा गुच्छांची अंतरे मोजून १९१८ मध्ये दाखवले, की ते आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती जमले आहेत, ते केंद्र धनु राशीच्या दिशेला आहे, आणि सूर्य त्या केंद्रापासून खूप दूर एका बाजूला पडला आहे. आजच्या मोजणीने ते अंतर सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षे. हे गुच्छ साधारण अकरा ते तेरा अब्ज वर्षे वयाचे आहेत. सूर्याच्या दुपटीहून जुने. आणि १६ नोव्हेंबर १९७४ रोजी अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून माणसाने आपली ओळख सांगणारा संदेश अवकाशात पाठवला, तो एम १३ च्याच दिशेने.

१९७० च्या दशकात अमेरिका आणि स्पेनमधल्या हौशी निरीक्षकांनी एक खेळ काढला. मार्चच्या अखेरीस, अमावास्येच्या सुमारास, एका रात्रीत मेसिएच्या सगळ्या वस्तू पाहायच्या. आपला अक्षांश त्याला सोयीचा आहे आणि त्या दिवसांत आकाशही निरभ्र असते. संध्याकाळी मावळतीकडच्या दीर्घिकांपासून सुरुवात करून पहाटे कुंभ-मकरेच्या गुच्छांपर्यंत पोहोचायचे. शेवटचा एम ३० हाती लागेलच असे नाही. तो उजेडात बुडतो. 

एवढा खटाटोप ज्यांना करायचा नाही, त्यांनी मे महिन्यात रात्री दहा-अकराच्या पुढे दक्षिण-पूर्वेला तांबूस ज्येष्ठा शोधावी. तिच्या पश्चिमेला सव्वा अंशावर, म्हणजे दुर्बिणीच्या कमी शक्तीच्या भिंगात दोन्ही एकाच वेळी मावतील इतक्या जवळ, एम ४ आहे. ज्येष्ठेचे तेज डोळ्यात येते म्हणून तिला जरा बाहेर ठेवावे. चार इंची दुर्बीण पुरते. गुच्छाच्या मधोमध ताऱ्यांची एक उभी ओळ दिसेल. मेसिएला ८ मे १७६४ रोजी पॅरिसच्या क्षितिजावरच्या धुरातून यातलेच काही तारे दिसले होते.